ट्रॅप येत नाही, पोलिंग उशिरा सांगतं: वाडीवरच्या स्विचची खबर वेळेत कशी मिळवायची?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात केबल-इंटरनेटचं छोटं नेटवर्क आहे. जामसंड्यात ऑफिस, तिथून सड्यावर आणि खाडीपलीकडे मिळून ११ जागा. प्रत्येक जागेवर एक मॅनेज्ड स्विच. ६ जागा फायबरवर आहेत, ५ जागा ५ गिगाहर्ट्झ रेडिओवर. रेडिओवरच्या ३ जागा एकामागून एक साखळीत आहेत. दोन मोठ्या जागांवर एसएनएमपी (उपकरणांची स्थिती नेटवर्कवरून विचारण्याची पद्धत) कार्ड असलेला ऑनलाइन यूपीएस, बाकी ठिकाणी साधा इन्व्हर्टर. ऑफिसात डेबियनवर झॅबिक्स (देखरेखीचं सॉफ्टवेअर), सगळं एसएनएमपी व्हर्जन २सी, पोलिंग (सर्व्हरने उपकरणाला विचारणं) सरसकट ५ मिनिटांनी.

वीज जाऊन जागा बंद पडली तर ट्रॅप (उपकरणाने आपणहून पाठवलेली सूचना) येतच नाही. पोलिंगवरून कळतं ते दहा-पंधरा मिनिटांनी, तोवर गिऱ्हाइकांचे फोन सुरू झालेले असतात. साखळीतली पहिली जागा गेली की मोबाईलवर मेसेजचा पाऊस, आणि त्यात मूळ बिघाड कुठला ते शोधावं लागतं. यूपीएस बॅटरीवर गेला की वीज येईपर्यंत दर मिनिटाला एक मेसेज. एका स्विचचा वीज येऊन-जाऊन झाल्यावर घोळ होतो, अपलिंकच्या (ऑफिसकडे जाणाऱ्या जोडाच्या) ग्राफमध्ये भलत्याच गिऱ्हाइकाचं पोर्ट दिसायला लागतं. आणि मुख्य अपलिंकचा ग्राफ रात्री ८ ते ११ मध्ये खाली बसतो, जेव्हा वापर सगळ्यात जास्त असतो.

भरवसा ट्रॅपवर ठेवायचा की पोलिंगवर? पोलिंग ५ मिनिटांवरून किती खाली आणलं तर चालेल? सिसलॉग (उपकरणांनी पाठवलेल्या नोंदींच्या ओळी) वेगळा लावण्यात काही हशील आहे का? आगोटीच्या आत हे मार्गी लावायचं आहे.

कातळसडा

आधी ट्रॅपचं बघू. ट्रॅप ही उपकरणाने आपणहून मारलेली हाक. ती यूडीपीवर, सर्व्हरच्या १६२ पोर्टवर, एकदाच जाते आणि पोचली की नाही हे उपकरण बघत नाही. पोलिंगमध्ये सर्व्हर स्वतः उपकरणाच्या १६१ पोर्टवर जाऊन विचारतो, आणि उत्तर आलं नाही तर तेही त्याला कळतं. त्यामुळे वीज जाऊन बंद पडलेल्या जागेचा ट्रॅप न येणं हा तुमच्या मांडणीतला दोष नाही. मेलेल्या स्विचमध्ये हाक मारायला जीव उरत नाही. आणि वीज आहे पण अपलिंक तुटली, तर त्याची हाक ज्या वाटेने यायची तीच वाट बंद.

फायबरच्या ६ जागांवर हाक मारायला शेजारी असतो. पलीकडचा स्विच विझला की अलीकडच्या स्विचच्या एसएफपीवरचा (फायबर जोडायच्या मॉड्यूलवरचा) प्रकाश जातो, पोर्ट पडतं आणि अलीकडचा स्विच लिंकडाउन ट्रॅप पाठवतो. त्याचा ओआयडी (एसएनएमपीमधला आकडी पत्ता) १.३.६.१.६.३.१.१.५.३, लिंक परत आल्यावर शेवटचा आकडा ४. म्हणजे ट्रॅप अलीकडच्या स्विचच्या त्या पोर्टवर चालू पाहिजे.

रेडिओच्या जागांवर असा शेजारी नाही, आणि इथे पुष्कळ जण फसतात. अलीकडचा स्विच आणि अलीकडचा रेडिओ यांच्यामधली तांब्याची केबल शाबूत असते. पलीकडचा रेडिओ मेला तरी त्या पोर्टच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. स्विचकडून ट्रॅप कधीच येणार नाही. तिथे अलीकडच्या रेडिओलाच विचारायचं की तुला किती स्टेशन जोडलेली आहेत. तो आकडा कंपनीच्या स्वतःच्या मिबमध्ये (अशा आकडी पत्त्यांच्या यादीत) असतो. जोडीला पलीकडच्या रेडिओला पिंग.

वीज परत आल्यावर स्विच कोल्डस्टार्ट ट्रॅप पाठवतो, शेवट ५.१. पण तोही बऱ्याचदा हरवतो. स्विच उठल्या उठल्या ट्रॅप सोडून मोकळा होतो आणि त्या वेळी अपलिंक पोर्ट जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (जोडण्यांचा लूप, म्हणजे फेरा, टाळण्याच्या सोयीत) १५ सेकंद ऐकण्याच्या आणि १५ सेकंद शिकण्याच्या अवस्थेत अडकलेलं असतं. ट्रॅप जातो कुठे, तर कुठेच नाही. म्हणून स्विच मध्ये बंद पडून गेला का हे ट्रॅपवरून ठरवू नका, सिस-अपटाइम विचारा: १.३.६.१.२.१.१.३.०. हा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात असतो, १०० ने भागा. १० मिनिटांपेक्षा कमी आला तर स्विच नुकताच उठलाय. एक अडचण लक्षात ठेवा: हा ३२ बिटांचा आकडा ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो, तेव्हा न विझलेला स्विचही विझल्यासारखा दिसतो. स्विच व्हर्जन ३ जाणत असेल तर एसएनएमपी-इंजिनटाइम घ्या, १.३.६.१.६.३.१०.२.१.३.०. तो थेट सेकंदात असतो आणि इतक्या लवकर भरत नाही.

स्विच जिवंत असतानाचे ट्रॅपही दिसत नसतील तर या क्रमाने तपासा. सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून यूडीपी १६२ ऐका आणि एखाद्या रिकाम्या पोर्टची केबल काढून-घाला. पॅकेट आलंच नाही तर स्विचवर सर्व्हरचा पत्ता किंवा मधला राउटर बघा. पॅकेट दिसलं म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. टीसीपीडंप फायरवॉलच्या आधी बघतो, त्यामुळे त्याला दिसलेलं पॅकेट पुढे फायरवॉलमध्ये टाकून दिलेलं असू शकतं. १६२ उघडं आहे का बघा. मग ट्रॅप घेणाऱ्या एसएनएमपी-ट्रॅपडीच्या फाइलमध्ये ऑथकम्युनिटीची (कुठल्या कम्युनिटीचे, म्हणजे पासवर्डसारख्या शब्दाचे, ट्रॅप घ्यायचे ते सांगणारी) ओळ आहे का बघा. नेट-एसएनएमपी ५.३ पासून ही ओळ नसेल तर तो ट्रॅप स्वीकारत नाही. शेवटी झॅबिक्स. ट्रॅप ज्या आयपीवरून आला तोच आयपी होस्टच्या एसएनएमपी इंटरफेसवर लिहिलेला असला पाहिजे. अनेक आयपी असलेला स्विच किंवा राउटर बाहेर पडतानाच्या इंटरफेसचा आयपी लावतो आणि तो तुम्ही लिहिलेला नसतो. झॅबिक्सच्या लॉगमध्ये अनमॅच्ड ट्रॅप म्हणून ओळ दिसली की हेच कारण. स्विचवर ट्रॅप-सोर्स म्हणून मॅनेजमेंटचा आयपी पक्का करा.

सुरूबन

कातळसडा यांनी ट्रॅपचं नीट सांगितलंय, मी पोलिंगचं लिहितो. ट्रॅपऐवजी इन्फॉर्म वापरता आले तर तेही करा, व्हर्जन २सी मध्ये आहेत. त्यात सर्व्हर पोच देतो, पोच आली नाही तर उपकरण पुन्हा पाठवतं, म्हणजे हरवायची भीती जवळजवळ नाही.

सगळ्याला ५ मिनिटं ही मुळातली चूक. जागा जिवंत आहे का हे पिंगने दर ३० सेकंदांनी विचारा, प्रत्येक वेळी ३ पॅकेट. ओळीने ३ वेळा एकही उत्तर नाही तर जागा बंद. दीड मिनिटात कळेल. एका वेळेला नाही म्हणून मेसेज पाठवू नका, रेडिओवर एखादी खेप फुकट जातेच. अपलिंक पोर्टची स्थिती आणि यूपीएस दर ६० सेकंदांनी. ट्रॅफिकचे काउंटर ६० सेकंद. एसएफपीचा प्रकाश, तापमान, सीपीयू ५ मिनिटांनी पुरे. ११ जागांना हा भार काहीच नाही. साखळीच्या टोकाच्या रेडिओमागे मात्र टाइमआउट १ सेकंदाचा असेल तर ३ सेकंद करा, नाहीतर रात्री गर्दीच्या वेळी खोटे नकार येतील.

पोर्टची स्थिती दोन ठिकाणी असते. इफ-ॲडमिन-स्टेटस १.३.६.१.२.१.२.२.१.७ म्हणजे आपण पोर्ट चालू ठेवायला सांगितलंय का. इफ-ऑपर-स्टेटस, त्याच्या पुढचा ८, म्हणजे प्रत्यक्षात काय आहे. ऑपरमध्ये १ चालू, २ बंद, ३ चाचणी, ४ माहीत नाही, ५ थांबलेलं, ६ भागच जागेवर नाही, ७ खालचा थर पडलाय. ६ हा एसएफपी काढून ठेवलेल्या खोबणीत दिसतो. ७ बहुधा एकत्र बांधलेल्या पोर्टवर दिसतो, खरा बिघाड त्याच्या खालच्या पोर्टवर असतो. ॲडमिन १ आणि ऑपर २ किंवा ७, तरच अलर्ट. तेही फक्त अपलिंक आणि जागा-जागा जोडणाऱ्या पोर्टवर. गिऱ्हाइकाने रात्री राउटर बंद केला तरी लिंकडाउन ट्रॅप येतो आणि त्या गर्दीत कामाचा ट्रॅप हरवतो. गिऱ्हाइकांच्या पोर्टवर ट्रॅप बंद करा. कमांड सापडली नाही तर इफ-लिंकअपडाउन-ट्रॅप-एनेबल, १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१४, त्यात २ लिहिलं की त्या पोर्टचे ट्रॅप बंद. लिहिण्यासाठी रीड-राइट कम्युनिटी लागते. काम झालं की ती काढून टाका.

अपलिंकच्या ग्राफमध्ये भलतंच पोर्ट दिसण्याचं कारण इफ-इंडेक्स. एसएनएमपीला पोर्टचं नाव ठाऊक नसतं, क्रमांक ठाऊक असतो, आणि काही स्विच उठताना हे क्रमांक नव्याने वाटतात. एसएफपी उशिरा ओळखला गेला तरी क्रम सरकतो. स्विचवर इफ-इंडेक्स कायम ठेवण्याची सोय असेल तर चालू करा. सिस्कोवर ती इफइंडेक्स पर्सिस्ट नावाने आहे. सोय नसेल तर झॅबिक्सच्या शोध-नियमात आयटमची (मोजायच्या गोष्टीची) किल्ली इफ-नेमवर बांधा, १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१, आणि शोध दर तासाला चालवा. त्याच तक्त्यात १८ वर इफ-एलियास आहे. त्यात पोर्टवर तुम्ही स्वतः लिहिलेलं वर्णन येतं. "खाडीपार टॉवर" असं लिहून ठेवलंत तर मेसेजमध्येही तेच येईल, पोर्ट २४ कुठलं ते आठवत बसावं लागणार नाही.

ग्राफ रात्री बसतो त्याचं कारण काउंटर. इफ-इन-ऑक्टेट्स ३२ बिटांचा, ४,२९,४९,६७,२९६ बाइटला भरून पुन्हा शून्यावर. पूर्ण १ गिगाबिटने वाहिलं तर ३४ सेकंदांत भरतो. ५ मिनिटांच्या पोलिंगला सरासरी साधारण ११४ मेगाबिटपर्यंतच तो खरं सांगतो. त्याच्या वर गेलात की दोन वाचनांच्या मध्ये तो एकापेक्षा जास्त वेळा फिरतो आणि सर्व्हरला तो फेरा कळत नाही. दिवसा ८०-९० मेगाबिट असताना ग्राफ बरोबर, रात्री वाढला की खाली, हे त्याचंच लक्षण. ६४ बिटांचे काउंटर घ्या: आत येणारा १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६, बाहेर जाणारा १०. हे व्हर्जन १ मध्ये मिळत नाहीत, २सी पाहिजे, ते तुमच्याकडे आहेच. टेम्प्लेट जुनं असेल, तेवढंच बदला.

बंदरबत्ती

सुरूबन यांच्या इन्फॉर्मबद्दलच्या ओळीला जरा हरकत आहे. इन्फॉर्म पोच येईपर्यंत उपकरणाच्या मेमरीत थांबतो आणि ठरलेल्या खेपा संपल्या की टाकून दिला जातो. वळवाच्या पावसात लिंक अर्धा तास गेली तर तो अर्धा तास वाट बघत नाही. वीज गेली तर मेमरीच पुसली जाते. लिंक दोन-चार सेकंद अडखळली, एवढ्यापुरता तो उपयोगी. अपलिंकवर लावा, पण त्याच्या भरवशावर पोलिंग सैल करू नका.

आता यूपीएस. दर मिनिटाचा मेसेज हा बिघाड नाही. यूपीएससाठीचं प्रमाणित मिब आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) १६२८ मध्ये आहे, १९९४ चं. बॅटरीवर असल्याचा ट्रॅप दर मिनिटाला पुन्हा पाठवायचा असं त्यातच लिहिलेलं आहे. एखादा हरवला तर पुढचा पोचावा म्हणून. ४ तास वीज नसेल तर २४० ट्रॅप. कार्डवर ते बंद करायला जाऊ नका. झॅबिक्समध्ये त्या ट्रिगरची (अलर्ट कधी द्यायचा ते ठरवणाऱ्या नियमाची) घटना-निर्मिती मल्टिपलवर असेल ती सिंगल करा. पहिल्या ट्रॅपला एक प्रॉब्लेम उघडेल, बाकीचे त्यातच जमा होतील.

बॅटरीवर आहे का, ही स्थिती ट्रॅपवरून न ठरवता विचारून घ्या. आउटपुट कुठून येतंय ते १.३.६.१.२.१.३३.१.४.१.० वर: ३ म्हणजे नेहमीसारखं, ४ बायपास, ५ बॅटरी. इथे एक धोंडा आहे. काही कार्ड कंपनीचं स्वतःचं मिब वापरतात. एपीसीच्या मिबमध्ये, १.३.६.१.४.१.३१८ खाली, आउटपुट स्थितीत २ म्हणजे लाईनवर आणि ३ म्हणजे बॅटरीवर. म्हणजे एका मिबमधला "सगळं ठीक" दुसऱ्यात "बॅटरीवर". कार्ड बदललं आणि टेम्प्लेट जुनंच राहिलं तर वर्षभर उलटं दिसत राहील. नवीन कार्ड बसवलं की मेन स्विच बंद करून आकडा कितीवरून किती झाला ते डोळ्यांनी बघा, मगच ट्रिगर लिहा.

बॅटरीचं: १.३.६.१.२.१.३३.१.२ खाली १ ला बॅटरीची स्थिती, २ ठीक, ३ कमी, ४ संपलेली. २ ला बॅटरीवर किती सेकंद झाले. ३ ला किती मिनिटं उरली, ४ ला किती टक्के चार्ज, ५ ला व्होल्टेज. व्होल्टेज दशांश व्होल्टमध्ये येतं, ५४७ आलं तर ५४.७. उरलेली मिनिटं आणि टक्के हे कार्डाने नव्या बॅटरीच्या हिशेबाने काढलेले असतात. दोन उन्हाळे काढलेली बॅटरी १०० टक्के दाखवते आणि दहा मिनिटांत बसते. व्होल्टेज तेवढं फसवत नाही. १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या असतील तर लाईनवर चार्ज होताना ५४ ते ५५ असतं, बॅटरीवर गेल्यावर ते किती वेगाने उतरतं ते बघायचं, आणि ४२ च्या आसपास यूपीएस बंद होतो. बॅटरीवर २ मिनिटं झाली की साधी सूचना, ४६ च्या खाली गेलं की माणूस निघाला पाहिजे. जनित्र पोचायला किती वेळ लागतो तो हिशेब करून हा ४६ तुमच्यापुरता वर-खाली करा. खाडीपलीकडे होडीने किंवा लांबच्या पुलाने वळसा घेऊन जायचं असेल तर ४८ ला निघा.

शिवाय महिन्याला यूपीएसची स्वतःची बॅटरी चाचणी लावा आणि निकाल १.३.६.१.२.१.३३.१.७.३.० वर वाचा. १ उत्तीर्ण, २ शंका, ३ नापास, ६ म्हणजे चाचणी झालेलीच नाही. ६ वरही अलर्ट ठेवा. चाचणी लावायची राहून गेलेली असते ती त्याशिवाय कळत नाही.

साध्या इन्व्हर्टरच्या ९ जागांवर वीज गेल्याचं कळायला एक स्वस्त तोडगा आहे. एखादा जुना राउटर इन्व्हर्टरवर न जोडता थेट लाईनच्या बोर्डवर जोडा आणि त्याची केबल स्विचच्या एका पोर्टात घाला. वीज गेली की ते पोर्ट पडतं, स्विच इन्व्हर्टरवर जिवंत असतो, आणि इथे मात्र ट्रॅप अगदी वेळेवर येतो कारण हाक मारणारा जागा आहे. त्या पोर्टला इफ-एलियास "लाईन" द्या. मे आणि ऑक्टोबरच्या विजांमध्ये थेट लाईनवरचा राउटर जळू शकतो आणि तांब्याच्या केबलने तो झटका स्विचपर्यंत येऊ शकतो, म्हणून बोर्डवर सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग बघूनच करा. जास्त सावध राहायचं असेल तर राउटरऐवजी मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल फायबरला जोडणारी पेटी) आणि फायबरचा पॅचकॉर्ड. कन्व्हर्टरवर लिंक-फॉल्ट-पास-थ्रूचा छोटा स्विच असेल तर तो बंद ठेवा, नाहीतर तांब्याच्या बाजूला काही नाही म्हणून तो फायबरचा प्रकाशही बंद करील.

कातळसडा

मीडिया कन्व्हर्टरची सूचना चांगली आहे, आमच्याकडच्या जांभ्याच्या सड्यावर अर्थिंगला ओल मिळत नाही, त्यामुळे मीही फायबरच म्हणेन.

साखळीतल्या मेसेजच्या पावसाबद्दल कुणी लिहिलं नाही. झॅबिक्समध्ये ट्रिगरला अवलंबित्व देता येतं. तिसऱ्या जागेचा "पिंग नाही" दुसऱ्यावर, दुसऱ्याचा पहिल्यावर. पहिली पडली की बाकी दोघींचे मेसेज दबतात. आणि एकाच जागेतले यूपीएस, रेडिओ, स्विच यांचे "एसएनएमपी उत्तर नाही" हे त्या जागेच्या पिंगवर अवलंबून ठेवा. एवढं करूनही सुरुवातीला एक-दोन फालतू मेसेज येतील, कारण तिसऱ्या जागेची तपासणी योगायोगाने पहिलीच्या आधी होते. त्यावर उपाय दोन: मेसेज पहिल्या पायरीवर न पाठवता दुसऱ्या पायरीवर, ६० सेकंदांनंतर पाठवा. किंवा टोकाच्या जागांना ओळीने ३ ऐवजी ५ नकार लागतील असं करा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एसएनएमपीला उत्तर आलं नाही तर झॅबिक्स शेवटचा आलेला आकडा तसाच ठेवतो. जागा मेलेली, आणि पोर्टची स्थिती मात्र १, हिरवी. म्हणून पिंग आणि एसएनएमपी यांची उत्तरं वेगवेगळी वाचा. पिंग आहे पण एसएनएमपी नाही: कम्युनिटी बदलली, परवानगीच्या यादीत सर्व्हर नाही, किंवा स्विचचा सीपीयू भरलाय आणि तो एसएनएमपीला सगळ्यात शेवटी बघतोय. लूप झाला असेल तर हेच दिसतं. दोन्ही नाहीत: जागा किंवा वाट गेली. दर ६० सेकंदांच्या आयटमवर ५ मिनिटांत काहीच आलं नाही तर नोडेटाचा ट्रिगर लावा, तोही पिंगवर अवलंबून.

खाडीकाठ

खूप उपयोग झाला. टीसीपीडंपमध्ये ट्रॅप येताना दिसले, झॅबिक्सच्या लॉगमध्ये अनमॅच्डच्या ओळी होत्या, आयपी खरोखरच दुसऱ्या व्हीलॅनचा (त्याच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कचा) निघाला. ६४ बिटांचे काउंटर लावल्यावर रात्रीचा ग्राफ वर गेला.

आता एकच राहिलं. खाडीवरून जाणाऱ्या रेडिओचा सिग्नल −६४ डीबीएम (सिग्नलच्या जोराचं एकक) वरून −७७ पर्यंत जातो आणि परत येतो. −७५ ला अलर्ट ठेवला तर दिवसातून अनेकदा वाजतो. पाऊस नसतानाही. फायबरच्या प्रकाशाला कुठला आकडा धरायचा तेही सांगा.

सुरूबन

सिग्नलच्या ग्राफवर भरती-ओहोटीच्या वेळा घालून बघा. पाण्यावरून जाणाऱ्या लिंकमध्ये सरळ येणारी लहर आणि पाण्यावरून परावर्तित होऊन आलेली लहर एकमेकींत मिसळतात. पाण्याची पातळी बदलली की कधी त्या एकमेकींना जोर देतात, कधी मारतात. खाली जाण्याची वेळ साधारण १२ तास २५ मिनिटांनी परत येत असेल आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकत असेल, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खड्डा खोल होत असेल, तर कारण तेच. एका बाजूचा अँटेना मीटर-दीड मीटर वर-खाली करून आठवडाभर ग्राफ बघा. परावर्तनाची जागा पाण्याऐवजी किनाऱ्यावरच्या झाडीत आली तर खड्डा उथळ होतो.

पावसाला ५ गिगाहर्ट्झवर दोष देऊ नका, मुसळधार पावसातही किलोमीटरमागे एखाद डेसिबलच जातो. पावसात पडलेला सिग्नल ऊन पडल्यावरही वर येत नसेल तर कनेक्टरमध्ये पाणी गेलंय. खारा वारा रबराच्या टेपखाली शिरून पितळेवर हिरवा गंज चढवतो. तो चढला की कनेक्टर बदलायचाच, पुसून चालत नाही.

अलर्टला जायचा आणि यायचा आकडा वेगळा ठेवा. १० मिनिटांची सरासरी −७५ च्या खाली गेली तर प्रॉब्लेम, आणि तीच सरासरी −७० च्या वर आली तरच सुटला. नुसता −७५ ठेवला तर सीमेवर उघड-मीट चालू राहते.

फायबरला ठरावीक आकड्यापेक्षा त्या लिंकचा स्वतःचा नेहमीचा आकडा धरा. नेहमी −९ डीबीएम असलेली लिंक −१२ झाली म्हणजे निम्मा प्रकाश गेला: वाकलेली केबल, फांदीचा भार, जॉइंट बॉक्समध्ये पाणी. १० किलोमीटरच्या साध्या १ गिगाबिट एसएफपीला −१९ च्या आसपास शेवट असतो, म्हणून −१६ ला पक्का अलर्ट, आणि ३ डेसिबल घसरणीला सूचना. प्रमाणित सेन्सर मिबमध्ये एकक म्हणून वॉट आहे, डीबीएम नाही, त्यामुळे कंपन्या आपापल्या मिबमध्ये देतात. −१२३४ आलं तर ते −१२.३४ असतं, कधी −१२.३४ ऐवजी मायक्रोवॉट येतात. स्विचच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्याशी एकदा ताडून घ्या.

बंदरबत्ती

सिसलॉग लावा, पण अलर्टसाठी नव्हे, कारण शोधण्यासाठी. यूडीपी ५१४ वर येतो, तोही पोच न मागता. ओळीच्या सुरुवातीला कोनी कंसातला आकडा असतो: विभागाचा क्रमांक गुणिले ८ अधिक गांभीर्य. लोकल७ चा क्रमांक २३, म्हणून १८७ म्हणजे २३ गुणिले ८ अधिक ३. गांभीर्य ० सगळ्यात वाईट, ७ नुसतं डीबग. इथे आकडा लहान तितकं संकट मोठं, हे नवीन मुलाला सांगून ठेवा, तो उलटं फिल्टर लावतो. ० ते ४ साठवा, ५ आठवडाभर, बाकी स्विचवरच थांबवा. वीज गेल्यावर बॅटरी नसलेल्या स्विचचं घड्याळ मागे जातं, त्यामुळे ओळीतल्या वेळेपेक्षा सर्व्हरला मिळाली ती वेळ धरा आणि सगळीकडे एनटीपी (घड्याळ जुळवण्याची सोय) ऑफिसच्या सर्व्हरकडे वळवा.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. जामसंड्याचं ऑफिसच इंटरनेटवरून तुटलं तर मेसेज कोण पाठवणार? झॅबिक्सला सगळं दिसत राहील आणि बाहेर एक अक्षर जाणार नाही. बाहेर कुठेतरी, रत्नागिरी किंवा पुण्यात, एक लहान भाड्याचा सर्व्हर घ्या. ऑफिसचा सर्व्हर त्याला दर मिनिटाला खूण पाठवेल, ५ मिनिटं खूण आली नाही की बाहेरचाच मेसेज करेल. ऑफिसात यूएसबीचा जीएसएम मोडेम लावून एसएमएसची दुसरी वाट ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे वीज आणि मोबाईल दोन्ही गेले होते. तशा वेळी एसएमएसही जात नाही, बाहेरच्या सर्व्हरचं "खूण येत नाही" एवढंच हाती असतं.

पुढेमागे व्हर्जन ३ वर गेलात तर ट्रॅपसाठी एक गोष्ट आधी करून ठेवा. व्हर्जन ३ च्या ट्रॅपमध्ये अधिकार पाठवणाऱ्या स्विचच्या इंजिन-आयडीचा (त्याच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाचा) असतो, म्हणून ट्रॅपडीमध्ये वापरकर्ता तयार करताना प्रत्येक स्विचचा इंजिन-आयडी द्यावा लागतो. तो दिला नाही तर पोलिंग व्यवस्थित चालतं आणि ट्रॅप गुपचूप टाकले जातात. स्विच बदलला की आयडीही बदलतो. तोवर २सी वरच राहणार असाल तर कम्युनिटी पब्लिक ठेवू नका, ती तारेवरून उघडी जाते, आणि प्रत्येक स्विचवर फक्त सर्व्हरच्या आयपीला परवानगी द्या.

मेअखेरच्या आत एकेका जागेवर जाऊन मेन बंद करा, मोबाईलवर मेसेज किती सेकंदांनी आला आणि इन्व्हर्टर किती मिनिटं टिकला ते दोन आकडे तिथल्याच पेटीच्या दारावर मार्करने लिहा.